शेवटच्या घरातली चूल

सविताने भोपळ्याच्या तुंबडीत उरलेलं सगळं पाणी चुलीसमोरच्या जमिनीवर ओतलं, माऊसवरचा हात काढला आणि वाट पाहत बसली. स्क्रीनवर काहीच झालं नाही. होणारही नव्हतं. ते पाणी जाळावर टाकायचं होतं.

मी तिच्या मागे खुर्चीत तोंड मिटून बसले होते. याला प्लेटेस्ट म्हणतात. गेम बाजारात जाण्याआधी तो परक्या माणसाच्या हातात द्यायचा, तो कुठे अडतो ते बघायचं आणि काहीही सांगायचं नाही. बाकी सगळं जमतं, गप्प बसणं जमत नाही. ज्याने कोडं रचलेलं असतं त्याचे हात शिवशिवत असतात.

सविता अडली होती, आणि वाईट अडली होती. आमच्याकडे याला सॉफ्टलॉक म्हणतात. खेळाडू मरत नाही, पुढेही जाऊ शकत नाही. गेम चालू असतो, पण त्यातून वाटच उरलेली नसते. तुंबडी रिकामी, जाळ पेटलेला आणि जाळ पेटलेला असेपर्यंत मागचं दार बंद. मी वहीत "सॉफ्टलॉक, शेवटचं घर" असं लिहिलं आणि तिला मागच्या सेव्हवरून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

तिने पुन्हा तेच केलं.

आता थोडं मागचं सांगते. मी गेमची कोडी रचते. कंपनी पुण्यात, मी शहाद्याजवळ तापीकाठच्या आमच्या गावी, घराच्या माडीवर. खाली केळीचा हिशोब चाललेला असतो आणि वर मी भुतांना दारं उघडायला शिकवत असते. बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझं काम अजून नीट कळलेलं नाही. पाहुण्यांपुढे ते सांगतात, लोकांच्या पोरी बँकेत लागल्या, आमची भुतं हाकते.

त्या गेमचं नाव 'बुडीत'. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वर येतं. गाळाला भेगा पडलेल्या, मोहाची काळी खोडं उभी, कुडाच्या भिंतींचे नुसते मेढे. एक सर्व्हेवाली बाई मोजणीसाठी तिथे उतरते, तिची बोट निघून जाते आणि तिला पाणी परत चढायच्या आत वर डोंगरावर पोचायचं असतं. वाट घरांमधून जाते. प्रत्येक घरात त्या घराचं माणूस अजून बसलेलं असतं. मारामारी नाही, बंदूक नाही. जवळ एक तुंबडीभर नदीचं पाणी, आणि ते कुठे, किती ओतायचं हे ओळखलं की घर वाट देतं. कुठे पाण्याने गाळावरची पावलं दिसतात, कुठे जात्याखालचं झाकण फुगून उघडतं. शेवटच्या घरात चुलीपुढे एक म्हातारी पाठमोरी बसलेली असते. तिच्या जाळावर पाणी टाकायचं. जाळ विझतो, काळोख होतो, म्हातारी किंचाळत उठते, मागचं दार उघडतं आणि खेळाडू जीव घेऊन पळतो. ते कोडं माझं. पुण्यात जेवढे खेळले तेवढ्यांनी तिथे खुर्ची मागे सरकवली होती. मला त्याचा अभिमान होता.

त्या म्हातारीचा आवाज सविताच्या आईचा, रुमलीबाईंचा होता.

आमची टीम लहान. मी या जिल्ह्यातली, म्हणून आवाज गोळा करणंही माझ्याच गळ्यात आलं होतं. खापरला दिनेशभाऊंचं ऑनलाईन सेंटर आहे, दाखले नि अर्ज भरून द्यायचं. दिनेशभाऊ मूळचे आमच्या शहाद्याचे, म्हणून ओळख. सविता त्यांच्याकडे कामाला. तिचं माहेर मणिबेलीकडचं. खालचं घर धरणाच्या पाण्यात गेल्यावर काही घरं पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली, रुमलीबाई गेल्या नाहीत. पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर त्यांनी घर बांधलं. आम्ही बोटीने गेलो होतो. रुमलीबाई त्यांच्या बोलीत बोलायच्या आणि सविता मला मराठीत सांगायची.

त्यांनी आधी सगळी चौकशी करून घेतली. हे कशाला, कोण ऐकणार, पैसे कोण देणार, सगळं. मी सांगितलं की गाव बुडालंय आणि एक म्हातारी आपल्या चुलीपुढे बसलीय, असा खेळ आहे. त्यांनी विचारलं, त्यात मी जिवंत आहे की मेलेली?

मी म्हटलं, मेलेली.

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग सविताला काहीतरी म्हणाल्या. सविताने मला सांगितलं, "आई म्हणते, मग बरं. मेलीय म्हटल्यावर तिथून मला उठवायला कोणी येणार नाही."

रेकॉर्डर चालूच होता. त्यानंतर त्या पाण्याकडे हात करून बराच वेळ बोलत राहिल्या. कुठला मोह कोणाचा, कोणाच्या शेतात काय पिकायचं, कुठल्या खडकावरून पोरं उड्या टाकायची. त्यातला अगदी थोडा भाग आम्ही गेममध्ये घेतला. पाठमोऱ्या म्हातारीची पुटपुट म्हणून.

पावसाळ्यात रुमलीबाई गेल्या. मला दिनेशभाऊंच्या फोनवरून कळलं. प्लेटेस्टसाठी खापरला जायचं ठरलं तेव्हा मी सविताला वगळलं होतं. तिनेच फोन केला. "ताई, तिचं काम कसं झालं ते मला बघू द्या." नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

तर सविताने दुसऱ्यांदा पाणी जमिनीवर ओतलं. आधीच्या घरांतही तिने तेच केलं होतं हे आता माझ्या लक्षात आलं. उंबऱ्यातून आत शिरलं की आधी थोडं पाणी खाली. मला वाटलं होतं, बटणं शोधतेय. अंदाज घेतेय.

दिनेशभाऊ बाजूच्या टेबलावरून बघत होते. त्यांना मी गप्प बसायला सांगितलं होतं, पण ते त्यांना माझ्याहून कमी जमतं.

"काय वं सविता, चुल्हामां टाक ना पानी. जमीनले काय तीस लागेल शे?" अहिराणीत तीस म्हणजे तहान.

सविता म्हणाली, "तुम्ही टाका," आणि उठून बाजूला उभी राहिली.

दिनेशभाऊ बसले. मागचा सेव्ह उघडला, तुंबडी उचलली, पाणी जाळावर. चूल विझली. काळोख झाला. स्पीकरमधून ती किंचाळी आली. दिनेशभाऊ दचकले आणि मग दचकल्याबद्दल हसायला लागले. अर्ज भरायला आलेली दोन माणसं दारातून डोकावली. टेस्टच्या हिशेबाने सगळं उत्तम.

सविता भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "हे ओरडणं नाहीये. याहा हसतेय."

याहा म्हणजे आई. आणि ते खरं होतं. आमच्या धंद्यात किंचाळी ही बहुतेकदा किंचाळी नसतेच. कधी गंजलेली बिजागरी असते, कधी डुकराचा आवाज. माणसाचं हसणं संथ करून खालच्या पट्टीत नेलं की फार भेसूर लागतं, हे ध्वनीवाल्या सगळ्यांना माहीत असतं. पुण्यातल्या आमच्या साऊंडवाल्याने रुमलीबाईंच्या रेकॉर्डिंगमधलं तेच हसणं घेतलं होतं. हसून झाल्यावरचा ठसका शेवटी तसाच राहिला होता. आम्हाला तो घशातली घरघर वाटायचा. पोटच्या पोरीला कसा वाटेल?

दिनेशभाऊंनी आवाज बंद केला. आलेल्या माणसांना ते बाहेर चहाला घेऊन गेले. हे त्यांना न सांगता सुचलं.

सविता खुर्चीत येऊन बसली. ती रडली नाही. तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्यांच्यात काही प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सोडतात, आधी गेलेल्यांच्या नावाने. मोहाची दारू असली तर दारू, नसली तर पाणी. त्याला धार टाकणं म्हणतात. आपण एकट्याने पिऊन मोकळं व्हायचं नाही, आधी त्यांचं. मेलेल्या माणसाच्या घरात, तेही पाणी हातात घेऊन शिरल्यावर ते तिने वेगळं ठरवून केलंच नव्हतं. हात आपोआप गेला. आणि आईच्या वेळी ती पोचू शकली नव्हती. पाऊस धरून बसला होता, वाटेवर दरड आलेली, बोट सुटत नव्हती. ती पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. भावाने केलं. तिच्या हातून आईला पाणी मिळालं नाही.

मग तिने मला एकच गोष्ट विचारली.

"तिला पाणी दिल्यावर ती काय करते?"

"काही नाही," मी म्हटलं. "तसं गेममध्ये लिहिलेलंच नाही."

"मग लिहा."

ती आवाज काढून टाका म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. रुमलीबाईंशी झालेल्या करारात तशी सोय होती आणि मी तो काढला असता. पण तिला आई त्या घरात हवी होती. फक्त तिथून कोणी हुसकावलेली नको होती. आणि मला रुमलीबाईंचं ते वाक्य आठवलं, मेलीय म्हटल्यावर उठवायला कोणी येणार नाही. आम्ही जगभरातल्या लोकांना त्यांना उठवायलाच लावणार होतो, आणि ते वाक्य ज्या हसण्यानंतर आलं तेच हसणं तिथे किंचाळी म्हणून वाजवणार होतो. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त, मला घाई झाली.

त्या दिवशी मी परत गेले नाही. सेंटरवर अर्जासाठी येणाऱ्यांतला जो तयार होईल त्याला खुर्चीत बसवलं. बाजारच्या गावांतून आलेल्यांनी बहुतेक जाळावर पाणी टाकलं, दचकले, हसले. डोंगरातल्या गावांतून आलेल्यांत एकामागून एकाने ते जमिनीवर ओतलं आणि सविता जशी बसली होती तशी ती माणसं वाट पाहत बसली. कोणी आधी जाळाकडे बघितलं, मग म्हातारीकडे, आणि मग ओतलं. एक कॉलेजातला मुलगा तर ओतून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ही बोलत नाही. गेम हँग झाला का?"

आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात. एक खेळाडू चुकला तर तो चुकला. बरेच जण एकाच जागी एकच चूक करत असतील तर चूक कोड्यात आहे.

समीर आमचा बॉस. हुशार माणूस, वाईट मुळीच नाही, पण रिलीज जवळ आला की त्याचं बोलणं तुटक होतं. मी खापरहूनच फोन लावला.

"कन्टेन्ट फ्रीझ झालाय," तो म्हणाला. म्हणजे आता नवीन काही घालायचं नाही, आहे त्यातल्या चुका फक्त दुरुस्त करायच्या.

"ही चूकच आहे. सॉफ्टलॉक आहे, शेवटच्या घरात."

"मग तुंबडी परत भरायची सोय दे. संपलं."

"ते पाणी त्यांनी सांडलेलं नाही समीर, दिलेलं आहे. दुसरी तुंबडी दिली तर तीही देतील."

मग मी त्याला सगळं सांगितलं. हसण्याचंही.

"ट्रेलरमध्ये तो आवाज गेलाय," तो म्हणाला. "लोक त्या एका सीनसाठी गेम घेणारेत. तो मी काढू शकत नाही."

यावर आमचं वाजलं. मी म्हटलं की मग त्यातलं माझं नाव काढ. तो म्हणाला की धमक्या देऊ नकोस, तुला हे शोभत नाही. दोघांचंही खरं होतं. शेवटी तो म्हणाला, किंचाळी दुसरी करून घेऊ, कुणालाही फरक कळणार नाही. त्या बाईंचं हसणं तिथून निघेल. पण सीन राहील. आणि तुला तिथे दुसरा शेवट घालायचा असेल तर घाल, मात्र नवीन अ‍ॅनिमेशन मिळणार नाही, नवीन रेकॉर्डिंग मिळणार नाही, आणि त्याचा इशारा गेममध्ये कुठेही द्यायचा नाही.

"इशारा लागणारच नाही," मी म्हटलं.

"कुणाला?"

"ज्यांना लागत नाही त्यांना."

नवीन काही न वापरता शेवट रचणं म्हणजे फ्रिजमध्ये असेल त्यात पाहुण्यांचं जेवण भागवणं. माझ्याकडे म्हातारीच्या हालचाली मोजक्या होत्या. बसणं, मान वळवणं, उठणं. सुरुवातीच्या एका घरात एक बाई चुलीतलं लाकूड मागे ओढते, ती एक हालचाल होती. तीच मी इथे आणली. पाणी जमिनीवर पडलं की म्हातारी मान वळवते. गेमभर तिचा चेहरा दिसत नाही, इथे अर्धा दिसतो. मग ती पुन्हा चुलीकडे वळते आणि आपल्या हाताने लाकूड मागे ओढते. जाळ बसतो, निखारे राहतात. मागचं दार उघडतं. कोणी किंचाळत नाही, कोणी पळत नाही. ती उठतही नाही. उठण्याची हालचाल हाताशी होती, मी मुद्दाम वापरली नाही.

आवाज म्हणून रुमलीबाईंचं मूळ हसणं ठेवलं, न बदललेलं, ठसक्यासकट. आणि त्याच्या पुढे ते सगळं बोलणं सलग जोडलं, जे त्या पाण्याकडे हात करून बोलल्या होत्या आणि आम्ही वापरलं नव्हतं. कुठला मोह कोणाचा, ते सगळं. सविताने ते आधी पूर्ण ऐकलं, आणि एक घरगुती भांडणाचा भाग काढायला लावला. सबटायटल द्यायचे का विचारलं तर ती नको म्हणाली. आई माझ्याशी बोलतेय, सगळ्यांशी नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

गेम आला. बरा चालला. लोकांनी शेवटच्या घराचे व्हिडिओ टाकले, ओरडले, खुर्च्यांवरून पडले, काही खरे आणि काही दाखवायला. किंचाळी आता पुण्यातल्या एका नाटकवाल्या मुलीची होती. समीर म्हणाला तसा कुणालाही फरक कळला नाही. दुसरा शेवट बाहेर फार थोड्यांना सापडला. ज्यांना सापडला त्यांनी लिहिलं की म्हातारी कुठल्यातरी अनोळखी भाषेत बोलत राहते आणि ते किंचाळीपेक्षा भीतीदायक आहे. काय बोलतेय ते कळत नाही म्हणून भीती वाटते, यात त्यांचा तरी काय दोष!

मी खापरला गेले ते मुद्दाम बाजारच्या दिवशी. सेंटरमध्ये ही गर्दी. एका मशीनवर अर्ज चालले होते आणि कोपऱ्यातल्या मशीनवर रुमलीबाई बोलत होत्या. समोर डोंगरातून आलेली पाच-सहा माणसं बाकावर बसून ऐकत होती. मध्येच एक म्हातारे गृहस्थ स्क्रीनकडे बघून जोरात काही म्हणाले आणि बाकीचे हसले. मी सविताला विचारलं, काय झालं?

"ते म्हणतात, तो मोह तिच्या दिराचा नव्हता, आमचा होता. ती खोटं सांगतेय. आधीपासूनच खोटं सांगायची."

दिनेशभाऊ माझ्यासाठी चहा घेऊन आले. "ताई, आते मीबी पहिले जमीनवरच टाकस," ते म्हणाले. "ती बाई हासस ना, मंग बरं वाटस."

गर्दी ओसरल्यावर सविता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली आणि तिने गेम पहिल्यापासून शेवटच्या घरापर्यंत नेला. मी मागे बसले, सवयीने तोंड मिटून. ती चुलीपुढे आली. तुंबडी उचलली. ओतण्याआधी तिने तिच्या बोलीत हळूच काहीतरी म्हटलं, स्क्रीनला नव्हे. मी त्याचा अर्थ विचारला नाही. पाणी पडलं. म्हातारीने मान वळवली. हसली, ठसका लागला, लाकूड मागे ओढलं आणि बोलायला लागली. आता मात्र सविता रडली. मागचं दार उघडं होतं. सविता तिथून हलली नाही, आणि मीही तिला पुढे जा म्हटलं नाही.

या सगळ्यातून मला कामापुरतं एवढंच कळलं की कोडं रचणाऱ्याने दार उघडून द्यावं. त्यातून बाहेर पडायचंच असतं, असं धरून चालू नये.

त्या शेवटाबद्दल आमच्या टेस्टरने रिलीजनंतर एक तक्रार नोंदवली. तक्रारींना आम्ही तिकीट म्हणतो. खेळाडू दारातून बाहेर गेला नाही तर म्हातारीचं बोलणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि असं कितीही वेळ चालतं, असं त्यात लिहिलेलं आहे. बरोबर लिहिलेलं आहे. दुरुस्ती अगदी किरकोळ, एका दुपारचं काम. मी त्या तिकिटावर 'वोन्ट फिक्स', म्हणजे दुरुस्त करणार नाही, असा शेरा मारला. अधूनमधून कोणीतरी खाली नव्याने लिहितं, सीन संपत नाहीये, कृपया बघा.

मी बघते. सीन चालू असतो.